देव नाही, एवढं पटवून दे

मंगळवार, ५ फेब्रुवारी

दादा,

वर काय लिहावं ते सुचेना. नमस्कार लिहिला आणि खोडला, "कसा आहेस" लिहिलं आणि तेही खोडलं. बाबा गेले त्या दिवशी "पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस" असं मीच तुला म्हटलं होतं, आणि तू शब्द पाळलास. तू नको तिथं शब्द पाळतोस. तेव्हा आता खुशालीचं सोंग आणत नाही, कामाचंच बोलते.

देव नाही, एवढं मला पटवून दे.

हसू नकोस. त्या दिवशी सगळे प्रार्थनेला उभे राहिले आणि तू एकटा खुर्चीत बसून राहिलास. वर म्हणालास, "ऐकणारं कुणी नाही, मग उभं कुणासाठी राहायचं?" मी तुला पुढं बोलू दिलं नाही. ते आता पुरं कर. कॉलेजात पोरांना हेच शिकवतोस ना? तुझा तो पेपरातला लेखही माझ्याकडे आहे, "चांगुलपणाला मालक लागत नाही" हा. रागाच्या भरात कापून काढला होता, पण ठेवला. परवा पुन्हा वाचला. त्यात तू म्हणतोस, वरून कुणी बघत नसलं तरी माणूस चांगला वागू शकतो. असेल. पण मला त्याचा उपयोग नाही. मला उलटं हवंय. वरून कुणी बघत नाही, कुणी विचारणार नाही, मेल्यावर कुठं जाब द्यायचा नाही, हे असं लिही की वाचून माणसाला गाढ झोप लागावी.

का, ते विचारू नकोस. इथं सगळं ठीक आहे. हंगाम जोरात आहे, रोपवेला रांगा आहेत. डब्यांना लोक अजून पाळणेच म्हणतात. बाबांचं काम मी करते हे तुझ्या कानावर आलंच असेल. दर सोमवारी दोर मीच तपासते, बाबांसारखीच. हे इंजिनघरात मोटरवर असतात. लेकीला थोडा ताप आहे. शाळा खाली गावात, उगाच वाऱ्यात कशाला पाठवा, म्हणून घरीच ठेवलंय.

घरात फोन नाही, आणि साहेबांच्या केबिनमधून मला तुझ्याशी बोलायचं नाही. तेव्हा पत्रच लिही. तुझं पत्र पाळण्यातूनच वर येईल, आणि हे पाळण्यातूनच खाली जाईल. पोचेल असं धरून चालते.

तुझी बहीण


सोमवार, ११ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. इतक्या वर्षांचं मौन एका दमात फोडलंस. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीनं उकरल्यासारखं. वाचताना हसू आलं आणि मग रडूही आलं, ते जाऊ दे.

पण काम झालं नाही. तू लिहितोस, आतून जो टोकतो तो देव नसतो, बाप असतो. लहानपणी बापानं जे बजावलेलं असतं तेच मोठेपणी आतून बोलायला लागतं आणि आपण त्याला देव म्हणून मोकळे होतो. हे मला लगेच पटलं. आवाज बाबांचाच आहे, आधी खाकरतो आणि मग बोलतो. पण मग बाबांना कुणाचा ऐकू यायचा? त्यांच्या बापाचा? आणि त्यांना? असं मागं मागं जात कुठं तरी एक पहिलं माणूस असेलच ना, ज्याला कुणी काही बजावलं नव्हतं आणि तरी टोचलं. तिथं कोण होतं? त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. कागद संपला वाटतं.

आणि शेवटी विचारलंयस, "तू काय केलंयस?"

काहीच केलं नाही. तेच तर आहे.

ऐक. दोर कसा तपासतात ते तू विसरला असशील, तुला तेव्हाही त्यात रस नव्हता. मोटर अगदी हळू चालवायची आणि सरकत्या दोराभोवती कापसाचा बोळा सैल हातानं धरून उभं राहायचं. दोर धड असला तर कापूस तसाच राहतो. कुठं एखादी तार तुटून वर आली असली तर ती कापसाचा धागा ओढून घेते, आणि दोरावर पांढरा झुपका लटकत पुढं जातो. एखादा झुपका चालतो. जवळजवळ खूप आले की दोर उतरवायचा, त्यात चर्चा नाही. बाबा म्हणायचे, "आपण खोटं बोलू, कापूस बोलत नाही."

मागच्या महिन्यात मधल्या भागात झुपकेच झुपके आले. म्हाताऱ्याच्या दाढीसारखे. मी ओरडून मोटर थांबवली, बोटानं चाचपलं, तर बोट कापलं. साहेबांकडे गेले. तुला आमचे साहेब माहीत नाहीत, तू गेल्यावर आले. फार भाविक माणूस. रोज सकाळी पहिला पाळणा सुटायच्या आधी हात जोडून डोळे मिटतात, आणि मनापासून मिटतात, नाटक नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, बोटाला पट्टीसुद्धा स्वतः बांधली. मग म्हणाले, "नवा दोर मागवलाय, वहिनी. हंगाम संपला की चढवू. तोवर तो राखेल. इतकी वर्षं राखलंच ना?" आणि बोट वर केलं.

त्यानंतरच्या सोमवारी बघते तर दोर काळाकुळकुळीत. कुणीतरी जाड ग्रीस थापलेलं. बोळा लोण्यावरून फिरावा तसा फिरला, झुपका एक नाही. साहेबांनी विचारलं, "काय म्हणतो कापूस?" मी म्हटलं, "काही म्हणत नाही." खोटं होतं का हे? कापूस खरंच काही म्हणाला नव्हता.

आता मी स्वतःशी काय म्हणते ते सांगते, आणि यात काही खोट असली तर काढून दाखव. बाबांचा नियम तुला आठवतो ना, ज्यानं दोर तपासला त्यानं पहिल्या पाळण्यात बसायचं? बाबा बसले की बाकीचे निर्धास्त मागून चढायचे. तो नियम मी मोडलेला नाही. दर सोमवारी मी पहिल्या पाळण्यात बसते. आजही बसले. मधल्या खांबावरून जाताना पाळणा हिसका देतो ना, तेव्हा शेजारी कुणी बाई लेकराला खालची नदी दाखवत असते. मी दांडा धरून मनात म्हणते, पडला तर मीही पडेन. जे त्यांचं होईल ते माझंही होईल. मग पाप कसलं? फुकटात तर कुणाचा जीव टांगणीला लावत नाही मी, स्वतःचाही लावते.

एवढं कबूल कर आणि देव नाही असं नीट लिही, म्हणजे मी हंगाम काढते.

वाचून फाडून टाक.

भागूबाई

(तूच ठेवलेलं नाव. भित्री भागूबाई. तेव्हा राग यायचा.)


शनिवार, १६ फेब्रुवारी

दादा,

एवढंसं पत्र, आणि त्यात "थांबव" हा शब्द किती वेळा लिहिलायस. मी तुझ्याकडे सुटका मागायला आले होते, तर तू बाबांपेक्षा कडक निघालास. निदान बाबांच्या देवाला क्षमा तरी करता यायची. तुझ्याकडे तीही सोय नाही.

तू लिहितोस, देव नाही म्हणूनच थांबव. वर कुणी झेलणारं असतं तर एक वेळ चाललं असतं. झेलणारं कुणी नाही, दोर आहे आणि तू आहेस. हे वाचून मला इतकी भीती वाटली की मी पत्र पिठाच्या डब्यात लपवलं. आजवर वाटायचं, आपल्या हातून सुटलं तरी खाली आणखी एक हात असेल. तो तू काढून घेतलास. मीच मागितलं होतं म्हणा. मागितलं एक, पदरात पडलं भलतंच.

पण मलाही एक विचारू दे. लेखात तू म्हणतोस, चांगुलपणा म्हणजे कळपाची सवय. एकमेकांना सांभाळणारे कळप तगले, म्हणून ती सवय आपल्या रक्तात उतरली. ठीक. आता माझा कळप बघ. साहेब म्हणतात गप्प राहा. दुकानदार म्हणतात हंगामात विघ्न नको. लॉजवाल्या काकू परवा सहज बोलून गेल्या, "रोपवे बंद पडला तर आम्ही काय दगड खायचे?" अख्खा कळप एका तोंडानं गप्प बस म्हणतोय. मग आत जो उलटं बोलतोय तो कुठल्या कळपातला? त्याला इथं कोण ओळखतं? याचं उत्तर दे. टाळू नकोस, मी खरंच विचारतेय.

आणि कृपा करून कंपनीच्या मोठ्या ऑफिसला कळवू नकोस. "तू नाही बोललीस तर मी बोलेन" असं लिहिलंयस, ते मागं घे. त्याचं कारण मी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

ग्रीस ह्यांनी लावलं.

मला आधीच कळलं होतं. रविवारी घरी आले तेव्हा कोपरापर्यंत काळे होते, आणि साबणानं हात धूत उभे राहिले ते राहिलेच. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आम्ही दोघं एकाच ताटातलं खोटं खातो आणि मीठ कमी आहे का एवढंच विचारतो. साहेबांनी सांगितलं म्हणून लावलं, पण साहेबांनी ते लिहून थोडंच दिलंय? चौकशी झाली तर डबा कुणाच्या हातात होता ते आधी विचारतील. ह्यांना आत टाकतील. घर कंपनीचं, तेही जाईल. लेकीला घेऊन मी कुठं उभी राहू? तू म्हणशील, माझ्याकडे ये. तू म्हणशीलच, तेवढा तू चांगला आहेस. पण बाप तुरुंगात आहे असं पोरीला सांगायला तू येशील का?

मला भीती वाटते, दादा. वाऱ्याची वाटते, साहेबांच्या गोड बोलण्याची वाटते, ह्यांच्या गप्प राहण्याची वाटते. दोर मोटरवर चढताना जो कुरकुर आवाज येतो तो मला स्वयंपाकघरात बसूनही ऐकू येतो. हे म्हणतात ऐकू येत नाही.

भागूबाई


बुधवार, २० फेब्रुवारी

दादा,

कळवलंसच. मी हात जोडले तरी कळवलंस.

काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर फोनचा रिसीव्हर काढून ठेवलेला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "भावाला पत्रं लिहिता वाटतं. चांगलंय. माहेर तुटू नये." मग रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. पलीकडून कंपनीच्या मोठ्या ऑफिसातला माणूस बोलत होता. म्हणाला, "तक्रार आलीय. दोर तपासणाऱ्या तुम्हीच ना? दोर कसा आहे?"

मी म्हटलं, "ठीक आहे."

तो म्हणाला, "तुमचे साहेब सांगत होते, तुम्ही स्वतः पहिल्या पाळण्यात बसता."

मी म्हटलं, "हो."

"मग प्रश्नच मिटला," म्हणाला, आणि फोन ठेवला.

तुला माझी लाज वाटत असेल. मला वाटत नाहीये, याचीच मला भीती वाटते. बाहेर आले तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. मग घरी गेले, तर उंबऱ्यावर ग्रीसचा नवाकोरा डबा ठेवलेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ह्यांनी तो उचलून पलंगाखाली सरकवला आणि म्हणाले, "विसरलं असेल कुणी." आम्ही त्याच पलंगावर झोपतो.

तू विचारलंस, लेकीचा ताप उतरला का, औषध कुठलं चालू आहे. साधाच प्रश्न आहे, पण मी तो तीनदा वाचला. तू ओळखलंयस की नाही ते मला कळत नाही. म्हणून मीच सांगते.

तिला ताप नाही.

ती ठणठणीत आहे. दिवसभर घरात उड्या मारते आणि "शाळेत जायचंय" म्हणून डोकं खाते. झुपके दिसले त्या दिवसापासून मी तिला एकदाही पाळण्यात बसू दिलेलं नाही. तिच्या वर्गातली शेजारची पोरगी, आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो, रोज सकाळी दारात येऊन हाक मारते. मी दार अर्धं उघडून सांगते, "नाही गं, अजून ताप आहे." ती मान हलवते, दप्तर सावरते आणि पाळण्याकडे चालायला लागते. मी तिला जाताना बघते. तिला मी कधीच म्हटलं नाही, की तूही जाऊ नकोस.

तेव्हा "मी स्वतः बसते, मग पाप कसलं" हे जे मी तुला ऐटीत लिहिलं होतं, त्यात किती पाणी आहे ते बघ. माझ्या जिवाची किंमत मी द्यायला तयार आहे. माझ्या पोरीच्या जिवाची नाही. दुसऱ्यांच्या पोरींची चालते. आतून टोकणारा जर देव असेल, तर तो माझ्या पोरीपुरताच टोकतो का? आणि बाप असेल, तर बाबा असे नव्हते. मग हा जो कोण आहे तो माझ्यासारखाच आहे, आपलं तेवढं सांभाळणारा. असल्याला देव कोण म्हणेल?

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. "ऑफिस हलणार नसेल तर सोमवारी सकाळी मी खाली येऊन थांबतो. तू वरच्या पहिल्या पाळण्यात बस, मी खालच्यात बसतो. मध्यावर हात करू."

येऊ नकोस.

हे मी विनवतेय, दादा. एक पाळणा उतरताना दुसरा चढतो, दोर एकच. तू त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकणार. तू देव मानत नाहीस, मग कुणाच्या भरवशावर बसतोस? माझ्या? मी फोनवर काय बोलले ते आत्ताच वाचलंस ना? तरीही येशील, मला माहीत आहे. नको तिथं शब्द पाळायची खोड तुझी.

गुडघा दुखतो म्हणाला होतास. तेवढं निमित्त पुरे आहे. नको येऊस.

तुझी बहीण


मंगळवार, २६ फेब्रुवारी

दादा,

तू खाली, मी वर, आणि मधला दोर बंद. तुझा गुडघा पायवाट चढणार नाही म्हणून तू खालच्या लॉजवर थांबलायस असं कळलं. मला आज इथून हलता येत नाही, ऑफिसची माणसं जबाब घेताहेत. म्हणून अजून एकदा पत्रच.

तुला खालून एवढंच दिसलं असेल, की घंटा झाली नाही आणि पाळणा हलला नाही. वर काय झालं ते सांगते.

सोमवारी नेहमीसारखा दोर तपासला. या वेळी ग्रीस असूनही कापूस अडकला. एकच झुपका, काळपट, पण अडकला. साहेबांनी तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले. मी झुपका काढून मुठीत धरला आणि पाळण्याकडे निघाले. तू खाली बसलायस हे मला इंजिनघराच्या फोनवरून कळलं होतं. खालचा गडी म्हणाला होता, "एक मास्तर पहाटेपासून येऊन बसलेत, उतरायला तयार नाहीत." मला वाटत होतं, तू आहेस म्हटल्यावर मी थांबवीनच. पण पाय पाळण्याकडेच चालत होते. खरं सांगते. आत चढले. मागून माणसं चढली. मी दांडा धरला. घंटेची दोरी माझ्या डोक्यावर होती. ती ओढली की हे ब्रेक सोडणार. मी हात वर केला.

आणि माझी बाही कुणीतरी धरली. बघते तर चष्मेवाली, दप्तर पोटाशी घेऊन, मला चिकटून उभी.

म्हणाली, "काकू, मी तुमच्याजवळ उभी राहू? मला वारा सुटला की भीती वाटते."

मी म्हटलं, "भीती वाटते तर आज घरी राहा."

"आई नको म्हणत होती. म्हणाली, तुमची ती इतके दिवस येत नाही, काही भानगड तर नाही ना. मग म्हणाली, अगं पण काकू स्वतः बसतात. काकू बसल्या की बस, नाही बसल्या तर परत ये."

दादा, तेव्हा मला कळलं. मी समजत होते की मी बसते म्हणजे मोल चुकवते. अरे, लोक चढत होते तेच मी बसत होते म्हणून. त्या पोरीच्या आईनं मला बघून पोरीला पाठवलं. फोनवरच्या माणसानं मला बघून तक्रार मिटवली. ग्रीसपेक्षा मोठं खोटं मीच होते, दर सोमवारी सगळ्यांसमोर दांडा धरून उभं राहिलेलं.

मी तिचा हात धरून खाली उतरले आणि भिंतीवरची लाल कडी ओढली. ती ओढली की सगळं बंद होतं आणि भोंगा होतो. मग मी बोलले. तुला वाटेल बाबांसारखी खणखणीत बोलले असेन. नाही. आवाज उंदरासारखा निघाला. "दोर खराब आहे, कुणी बसू नका," एवढंच. साहेब हसत पुढं आले, "वहिनी वाऱ्याला घाबरल्या बहुतेक." दोघं-तिघं हसलेही. मी मूठ उघडून झुपका दाखवला, पण काळ्या कापसावरून कुणाला काय कळणार? एक जण म्हणाला, "बाई, आमचं खाली आरक्षण आहे."

तेवढ्यात इंजिनघराचं दार उघडलं आणि हे बाहेर आले. हातात चिंधी आणि रॉकेलची बाटली. माझ्याकडे बघितलं नाही, साहेबांकडेही नाही. फलाटाच्या कडेला वाकले आणि दोर पुसायला लागले. पुसत गेले, पुसत गेले, आणि खालून तारा वर आल्या, कुंपणाच्या काट्यांसारख्या. मग उभे राहून म्हणाले, "ग्रीस मी लावलं होतं." कुणी विचारलंही नव्हतं.

पाळणा आपोआप रिकामा झाला.

दुपारी ऑफिसचा इंजिनियर पायवाटेनं धापा टाकत आला. त्यानं बघितलं, मोजलं आणि दोर उतरवायला सांगितला. मी विचारलं, कधी तुटला असता? तो म्हणाला, "सांगता येत नाही. आजही तुटला असता, कदाचित पुढचं वर्षही काढलं असतं." हे वाक्य दुकानदारांनी ऐकलं. तेव्हापासून सगळे मला एवढंच सांगतात, की वर्ष काढलं असतं. लॉजवाल्या काकूंनी तोंड फिरवलं. घर खाली करायला सांगतील असं दिसतं. ह्यांचं काय होईल ते कुणी सांगत नाही. जबाब चालू आहे, साहेबांनी त्यात म्हटलंय की ग्रीस लावायला त्यांनी सांगितलंच नव्हतं. ह्यांनी तो डबा पलंगाखालून काढून जबाब घेणाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझ्याशी अजून धड बोलले नाहीत. फक्त जेवताना म्हणाले, "मीठ बरोबर आहे."

तेव्हा भीती गेलेली नाही. कालपेक्षा जास्तच आहे. लोक म्हणतात खरं बोललं की हलकं वाटतं. मला काही हलकं वाटलेलं नाही.

आता आपलं जुनं भांडण. तू विचारशील, कडी ओढायला कुणी लावलं? मी सारखी तेच आठवतेय. आणि तुला सांगते, त्या वेळी आत काहीच नव्हतं. बाबा खाकरले नाहीत. आवाज आला नाही. महिनाभर जो टोकत होता तो ऐन वेळी गप्प, आत अगदी सामसूम. बाहीवर एक हात होता तेवढा. तू म्हणशील, बघ, देव नव्हता. साहेब सगळ्यांना सांगताहेत, "देवानंच वहिनींना बुद्धी दिली," म्हणजे ते मोकळे. मला दोन्ही पटत नाही. आत सामसूम झालं ते आत कुणी नव्हतं म्हणून, की जो होता तो बाहेर येऊन बाही धरून उभा राहिला म्हणून, हे मला आयुष्यभर कळणार नाही. कळायचं नसेल तर नसू दे. पण पुन्हा मला पटवायला जाऊ नकोस, ना इकडचं ना तिकडचं.

आणि खालचा गडी काय म्हणाला तेही ऐक. भोंगा झाला आणि खालचा पाळणा हलला नाही, तेव्हा मास्तरांनी डोकं दांड्यावर टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सुटलो रे देवा." तसं म्हणायची पद्धत आहे, मला माहीत आहे. तरी मी ते विसरणार नाही. भांडायला आलास की काढीन.

हे पत्र घेऊन दोन मुली पायवाटेनं उतरतील. शाळेला जाताहेत. चष्मा आहे ती शेजारची. दुसरी तुझी भाची. तू गेलास तेव्हा पाळण्यात होती, लाकडाच्या, दोराच्या नव्हे. तुला ओळखणार नाही, बुजेल. तिला जवळ घे आणि कपाळाला हात लावून बघ.

ताप नाही.

तुझी,
भित्री भागूबाई